दोन ग्रॅम मिरची

पाटोदा तालुक्यात वर्षाचं तिखट उन्हाळ्यात होतं. लाल मिरचीची देठं खुडायची, धने, खोबरं, दगडफूल भाजायचं आणि सगळं कांडपावर न्यायचं. येसराचा डबा वेगळा. मिरची घेताना बाई ती मोडून बघते: बी किती, रंग कसा, ओल राहिलीय का. कीटकनाशकाचा अंश मात्र डोळ्याला, नाकाला, जिभेला कळत नाही. त्याला प्रयोगशाळा लागते, आणि माल तिथवर जायला तो परत पाठवण्याची ताकद असलेलं गिऱ्हाईक लागतं.

महाराष्ट्राला हे द्राक्षांनी शिकवलं. २००३ साली मेथोमिलच्या अंशामुळे आपली द्राक्षं नेदरलँड्समध्ये अडली. मग शेतमालाच्या निर्यातीचं काम बघणाऱ्या अपेडाने अंश-तपासणीची पद्धत बसवली आणि पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र तिचा कणा झालं. निर्यातीच्या बागेची आता नोंदणी होते, काढणीआधी नमुना जातो. बाजारात सुटी विकली जाणारी मिरची असं काही बघत नाही.

खरं तर तिलाच ही तपासणी जास्त लागते. फुलकिडे, कोळी आले की पानं चुरडतात आणि पंप पाठीवर घ्यावाच लागतो. शेवटची फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस जाऊ द्यायचे, हे औषधासोबतच्या पत्रकात छापलेलं असतं. पण मिरचीचे तोडे एकामागून एक चालूच असतात, दिवस मोजायचे कुठून? त्यात वाळवण. काही औषधं उन्हात विरतात हे खरं, पण पाणी उडालं की उरलेला अंश दाट होतो. अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या कोडेक्सचे तज्ज्ञ वाळल्या मिरचीसाठी सात ते दहा पट हिशेब धरत आले आहेत.

प्रयोगशाळेत दळलेल्या नमुन्यातली साधारण दोन ग्रॅम पूड घेतात. आधी ती पाण्यात भिजवतात, कारण कोरड्या कणांत द्रावक नीट शिरत नाही. मग अ‍ॅसिटोनायट्राइल घालून जोरात हलवायचं. क्षार पडले की पाणी खाली बसतं, द्रावक वर येतं. द्राक्षाच्या तुलनेत मिरचीचा अर्क लालभडक. रंग, तेल, कॅप्सायसिन सगळंच सोबत उतरतं. कार्बनची पूड रंग शोषते, पण हात सैल सुटला तर काही कीटकनाशकंही गिळते. पुढे मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये मसाल्याचेच घटक औषधाचा संकेत दाबतात, म्हणून यंत्राचं माप लावायला औषधाचा अंश नसलेली मिरची हवी. ती मिळवणं हेही एक कामच! किलोला ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा म्हणजे शंभर टनांत एक ग्रॅम.

एवढं करूनही यंत्र यादीतलंच शोधतं. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँगच्या अन्नसुरक्षा केंद्राने एमडीएचचे तीन आणि एव्हरेस्टचा एक मसाला इथिलीन ऑक्साइडवरून थांबवायला लावला. हा वायू शेतात फवारत नाहीत. साठ्यातले जंतू मारायला वापरतात, आणि नेहमीच्या बहुअंश तपासणीत तो दिसत नाही. त्याची चाचणीच वेगळी. युरोप त्याच्यापासून बनणारं क्लोरोइथेनॉलही त्यातच मोजतं. अमेरिकेत मसाल्याला किलोला सात मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. पुडी तीच, इथे नापास, तिथे पास. जंतू मारायला गॅमा किरणांची सोय नवी मुंबईत वाशीला २००० सालापासून आहे, ती असताना वायूचा हट्ट का, हे मला उमगलेलं नाही.

मे २०२४ मध्ये मसाले मंडळाने सिंगापूर-हाँगकाँगला जाणाऱ्या मालाला ही चाचणी सक्तीची केली. घरच्या ताटाचं काय? भारतात नोंदणी नसलेल्या कीटकनाशकांची मसाल्यांतली सर्वसाधारण मर्यादा त्याच एप्रिलमध्ये किलोला ०.०१ वरून ०.१ मिलिग्रॅम झाली होती. दहापट. मसाल्यात अर्क काढणं अवघड आहे, ही सबब मी समजू शकतो. पण अवघड चाचणीवर सैल मर्यादा हा उतारा मला पटत नाही.

अहवालात ‘आढळले नाही’ दिसलं, तर कोणत्या यादीतलं आणि किती मर्यादेखालचं, हे विचारावं. त्याआधीचा प्रश्न पोत्याचा आहे. द्राक्षाच्या पेटीमागे बागेची नोंदणी असते. मिरची आडतीवर आली की चार वावरांचा माल एकाच ढिगात जातो, आणि पुढे पुडीत काही सापडलंच तर कुणाची फवारणी चुकली, हे सांगणारा कागद कुठेच नसतो.