विरघळलं म्हणजे गेलं का?

गटाच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "आमच्या बोअरचं पाणी दहा-दहा मिनिटं उकळते, तरी मचूळच लागतं. अजून किती उकळू?" गॅसचा भाव पाहता प्रश्न साधा नव्हता. त्याचं उत्तर रोजच्या वापरातल्या एका शब्दात आहे, तो शब्द म्हणजे विरघळणे.

आपण वितळणे आणि विरघळणे बिनधास्त एकमेकांच्या जागी वापरतो. थिजलेलं तूप वितळतं, मेणबत्ती वितळते. त्याला नुसती ऊब पुरते. साखर चहात विरघळते. तिला पाण्याची सोबत लागते. मग पावसाळ्यात डब्यातला गूळ पाघळतो, ते काय? तो हवेतला ओलावा ओढतो आणि त्याच ओलाव्यात थोडा थोडा विरघळतो. गोड बोललं की माणसंही पाघळतात, तशीच! दुसऱ्याचं दुःख पाहून मन द्रवतं, पोरांच्या विज्ञानाच्या पुस्तकात द्रावण असतं आणि ठिबकमधून आपण विद्राव्य खत सोडतो. तिन्हींत शब्द एकच, द्रव.

आता पाण्याकडे येऊ. गढूळ पाण्यातली माती विरघळलेली नसते, ती तरंगत असते. म्हणून तुरटी फिरवली की ती खाली बसते, चौपदरी फडक्याने गाळलं की बरीच अडते. मिठाचं तसं नाही. पाण्यात गेलं की त्याचे इतके बारीक कण सुटे होतात, की फडकं काय, डोळाही त्यांना पकडू शकत नाही. पैसे पाण्यात गेले म्हणजे गेलेच. मीठ पाण्यात गेलं, तर ते तिथेच असतं.

उकळल्याने जंतू मरतात, त्यासाठी पाणी जरूर उकळावं. पण उकळताना वाफ होऊन जातं ते पाणी. मीठ भांड्यातच राहतं. थोडे क्षार पांढरा थर होऊन बुडाला चिकटतात, बाकीचे उरलेल्या पाण्यात. म्हणजे ताई जितकं जास्त उकळत होत्या, तितकं पाणी जास्त खारट होत होतं. बासुंदी आटवताना ती गोड होत जाते, त्यातलीच ही गत.

आपल्याच जिल्ह्यात याच गोष्टीवर मोठा उद्योग उभा आहे. लोणीजवळ प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि शेतकऱ्यांनी, धनंजयराव गाडगीळांच्या साथीने, सहकारी साखर कारखाना काढला. 1950 साली तिथे गाळप सुरू झालं. उसाच्या रसात साखर विरघळलेली असते, दिसत नाही. रस स्वच्छ करून आटवला की तीच साखर दाणेदार होऊन समोर येते. कालव्याखालच्या खारवट रानात मात्र हेच नको तिथे घडतं. जास्त पाणी दिलं, निचरा नसला, की खालचे क्षार विरघळून वर येतात. ऊन पाणी नेतं आणि जमिनीवर पांढरी खपली ठेवतं.

हे घरात सगळ्यात जास्त कामाला येतं ते जुलाब झालेल्या लेकरासाठी. एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. पाणी आधी उकळून गार करायचं, मग हे घालून पूर्ण विरघळेपर्यंत ढवळायचं. घातल्यावर पुन्हा उकळायचं नाही. पाणी आटून मीठ जास्त होतं आणि ते लेकराला बाधतं. ओआरएसचं पाकीट मिळालं तर तेच बरं. एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच, अर्धं अर्धं करून दोन ग्लासांत नाही.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. युरिया आणि शेणखतातलं नायट्रेट पाण्यासोबत विहिरीत उतरतं. त्याला रंग नाही, वास नाही, चवही कळत नाही. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं. वरचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला असं पाणी दिलं तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होऊ शकते. उकळून ते जात नाही, उलट दाट होतं. सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त अंगावरचं दूध द्यावं, पाणीही नको, हे आम्ही सांगतो त्याचं हे आणखी एक कारण.

ते कळतं फक्त तपासणीने. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना तपासणी संचाने पाणी तपासायला शिकवायचं ठरलेलं आहे. तुमच्या गावात त्या पाचजणी कोण, संच कुणाच्या कपाटात आहे, हे ग्रामपंचायतीत विचारा. आमच्या त्या ताईंनी बोअरचं पाणी बाटलीत भरून आणलं आहे. बाटली आधी त्याच पाण्याने विसळून घ्यायला आम्ही त्यांना सांगितलं होतं.