स्वमग्नतेची पातळी नेमके काय मोजते?

अमेरिकेच्या रोगनियंत्रण व प्रतिबंध केंद्राने एप्रिल २०२५मध्ये दर ३१ मुलांमागे एक मूल स्वमग्न असल्याचा अहवाल प्रसिद्ध केला आणि त्या पाठोपाठ तेथील आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांनी या मुलांना पुढे नोकरी करता येणार नाही, कर भरता येणार नाही, कविता लिहिता येणार नाही, अशा आशयाचे विधान केले. त्यावर निषेधाचे वादळ उठले आणि केनेडी यांना आपला रोख केवळ तीव्र स्वमग्नता असलेल्या मुलांकडे होता, असा खुलासा करावा लागला. अनेक स्वमग्न प्रौढांनी आपल्या नोकरीचे व लेखनाचे दाखले देत विधान खोडून काढले, तर काही पालकांनी, आपल्या मुलाच्या बाबतीत मंत्र्यांचे वर्णन खरे आहे आणि ते कोणी बोलून दाखवत नाही, अशी वेदना व्यक्त केली.

दोन्ही बाजू आपापल्या अनुभवापुरते खरेच बोलत होत्या, कारण एकाच निदानाखाली येणाऱ्या माणसांच्या आयुष्यात तेवढे अंतर असू शकते. याच अहवालातील ज्या मुलांच्या बुद्ध्यंकाची माहिती उपलब्ध होती, त्यांपैकी सुमारे ४० टक्के मुलांमध्ये बौद्धिक अक्षमता होती आणि उरलेल्यांमध्ये ती नव्हती. हे अंतर ओळखता यावे म्हणून निदानाला ‘पातळी’ जोडली जाते आणि निदान हाती पडताच पालकांचा पहिला प्रश्नही बहुधा ‘कितवी लेव्हल?’ हाच असतो. मात्र पातळीचा आकडा ज्या प्रश्नाचे उत्तर म्हणून तयार झाला, तो प्रश्न बाजूला पडून त्या आकड्यात मुलाचे भवितव्य वाचले जाऊ लागले आहे, आणि तेथेच त्याचा अर्थ बिघडतो.

पातळ्या येण्यापूर्वी वेगवेगळी नावे होती. लिओ कॅनर यांनी १९४३मध्ये ११ मुलांच्या निरीक्षणांवरून स्वमग्नतेचे पहिले सविस्तर वर्णन केले आणि पुढच्याच वर्षी व्हिएन्नातील हान्स अॅस्पर्गर यांनी अस्खलित बोलणाऱ्या, पण इतरांत न मिसळणाऱ्या मुलांविषयी लिहिले. स्वतः स्वमग्न मुलीची आई असलेल्या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ लॉर्ना विंग यांनी १९८१मध्ये ‘अॅस्पर्गर सिंड्रोम’ ही संज्ञा रूढ केली, आणि हे सर्व एकाच वर्णपटाचे भाग आहेत हा विचारही त्यांनीच मांडला. अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनच्या ‘डीएसएम’ या निदानपुस्तिकेने १९९४मध्ये अॅस्पर्गरला वेगळे स्थान दिले खरे, परंतु २०१३च्या पाचव्या आवृत्तीत ते व इतर उपप्रकार रद्द करून ‘स्वमग्नता वर्णपट विकार’ हे एकच निदान ठेवले.

या निर्णयामागची कारणे समजून घेण्यासाठी कॅथरीन लॉर्ड यांचे काम पाहावे लागते. मुलाशी ठरावीक पद्धतीने खेळत व बोलत स्वमग्नतेची लक्षणे टिपणारी आणि आज जगभर वापरली जाणारी ‘एडॉस’ ही निरीक्षण-चाचणी घडवण्यात या मानसशास्त्रज्ञांचा प्रमुख वाटा आहे. त्यांच्या नेतृत्वाखालील २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिका व कॅनडातील १२ विद्यापीठीय केंद्रांवर तपासलेल्या दोन हजारांहून अधिक मुलांची माहिती पडताळण्यात आली. सर्व केंद्रांवर त्याच प्रमाणित चाचण्या होत्या, तपासणारे प्रशिक्षित होते आणि मुलांचे गुणही केंद्रागणिक फारसे वेगळे नव्हते, तरीही एखाद्या मुलाला ‘अॅस्पर्गर’ म्हणावे की ‘ऑटिझम’, हे त्याच्या लक्षणांपेक्षा ते कोणत्या केंद्रात तपासले गेले यावर अधिक अवलंबून असल्याचे आढळले. सर्वोत्तम केंद्रांत ही स्थिती असेल, तर सामान्य दवाखान्यात मिळालेल्या नावावर पालकांनी मुलाचे अवघे आयुष्य बेतावे, हे कोणत्याही अर्थाने न्याय्य ठरत नाही. लॉर्ड यांचा हा निष्कर्ष स्वमग्नतेविषयीच्या प्रत्येक चर्चेच्या आरंभी सांगितला जावा, इतका मोलाचा आहे.

नावे गेली आणि त्यांच्या जागी तीन पातळ्या आल्या. पहिल्या पातळीवर व्यक्तीला ‘आधाराची गरज’ असते, म्हणजे ती पूर्ण वाक्यांत बोलते, परंतु संवादाची देवाणघेवाण जुळत नाही आणि एका कामातून दुसऱ्या कामाकडे वळणे किंवा कामाची आखणी करणे जड जाते. दुसऱ्या पातळीवर ‘बऱ्याच आधाराची’ गरज असते, बोलणे साध्या वाक्यांपुरते किंवा मोजक्या आवडीच्या विषयांपुरते राहते आणि आधार मिळत असतानाही अडचणी सहज दिसून येतात. तिसऱ्या पातळीवर ‘अतिशय मोठ्या आधाराची’ गरज असते, समजतील असे शब्द मोजकेच असतात आणि नित्यक्रमातील लहानसा बदलही असह्य होऊ शकतो. व्याख्येच्या केंद्रस्थानी आधाराची गरज आहे, आणि किती बिघाड म्हणजे कोणती पातळी हे ठरवणारी अंकांची सीमारेषा पुस्तिकेने आखलेली नाही.

पुस्तिकेची आणखी एक सूचना व्यवहारात जवळजवळ विसरली गेली आहे. सामाजिक संवाद आणि मर्यादित, पुनरावर्ती वर्तन या दोन क्षेत्रांसाठी पातळी स्वतंत्रपणे नोंदवावी, असे तिच्यात म्हटले आहे. एखाद्या मुलीला संवादात थोडाच आधार पुरेसा असेल, पण कुकरच्या शिट्टीने किंवा शाळेचा रस्ता बदलल्याने ती दिवसभर कोलमडत असेल, तर तिच्या दोन पातळ्या वेगळ्या असणार. दोन डोळ्यांच्या चष्म्याचे नंबर वेगळे असताना सरासरी काढून भिंगे बसवली, तर एकाही डोळ्याला नीट दिसणार नाही; दोन क्षेत्रांची मिळून एकच ‘लेव्हल’ लिहिणाऱ्या अहवालाचेही तसेच होते. बौद्धिक अक्षमता आहे का, भाषेची अडचण किती आहे, फेफरे किंवा एखादी ज्ञात जनुकीय स्थिती सोबत आहे का, याही नोंदी निदानासोबत अपेक्षित असतात, आणि मुलाच्या रोजच्या जगण्याविषयी त्या अनेकदा पातळीपेक्षा अधिक सांगतात.

तीव्रता परिस्थितीनुसार बदलते आणि काळानुसार कमीअधिक होते, तसेच सेवांची पात्रता केवळ या वर्गवारीवरून ठरवू नये, असेही पुस्तिका बजावते. प्रत्यक्षात ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय विकलांगता विमा योजनेत दुसरी किंवा तिसरी पातळी नोंदलेल्यांचा प्रवेश सुकर झाला आणि पहिल्या पातळीच्या लोकांवर आपली अडचण पुराव्यांनिशी सिद्ध करण्याची जबाबदारी पडली. लक्षणांची तीव्रता आणि दैनंदिन कौशल्ये हातात हात घालून चालतात, हा समजही कॅनडातील ४२१ बालकांच्या २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाठपुराव्याने टिकू दिला नाही, कारण शाळेत जाण्याच्या वयापर्यंतचा या दोहोंचा प्रवास बराचसा स्वतंत्र असल्याचे त्यात दिसले. थोडक्यात, लक्षणे फारशी न बदलताही मूल स्वतः जेवू, कपडे घालू आणि घरच्यांना मदत करू लागते, आणि या प्रगतीची दखल पातळीच्या आकड्यात उमटतेच असे नाही.

‘माइल्ड आहे’ हा दिलासाही फसवा ठरू शकतो. इतरांचे हावभाव पाहून पाठ करणे, नजर भिडवण्याचा आटापिटा करणे, असह्य आवाज निमूटपणे सोसणे अशा रीतीने अनेक स्वमग्न व्यक्ती, विशेषतः मुली व स्त्रिया, आपल्या अडचणी दडवतात आणि त्याची किंमत थकवा, चिंता व नैराश्याच्या रूपाने मोजतात. स्वीडनमधील २०१६च्या मोठ्या अभ्यासात बौद्धिक अक्षमता नसलेल्या स्वमग्न व्यक्तींमध्ये आत्महत्येने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येच्या कितीतरी पट आढळले, ही बाब पहिल्या पातळीला ‘सौम्य’ म्हणणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवली पाहिजे. याउलट तिसऱ्या पातळीच्या मुलाला बोलता येत नाही म्हणून त्याला काही समजत नाही, असे गृहीत धरणेही तितकेच अन्यायाचे आहे. चित्रफलक किंवा टॅबलेटसारखे पर्यायी संवादसाधन मिळाल्यावर अशी अनेक मुले आपली निवड, नकार आणि वेदना स्पष्टपणे व्यक्त करतात.

वर्णपट एकच मानल्यामुळे सर्वाधिक गरजेची माणसे अदृश्य होतात, ही तक्रारही खोटी नाही. लॉर्ड यांच्याच सहअध्यक्षतेखाली ‘लॅन्सेट’ आयोगाने २०२१मध्ये ‘प्रोफाउंड ऑटिझम’, म्हणजे गहन स्वमग्नता, ही प्रशासकीय संज्ञा सुचवली, जी आठ वर्षांवरील, अहोरात्र प्रौढांच्या देखरेखीची गरज असलेल्या आणि बुद्ध्यंक ५०च्या खाली असलेल्या किंवा अत्यल्प बोलणाऱ्या व्यक्तींसाठी आहे. तिच्यामुळे माणसांत पुन्हा भिंती उभ्या राहतील असा आक्षेप स्वमग्न कार्यकर्त्यांनी घेतला, तो दुर्लक्षिण्याजोगा नाही; तरीही स्वतःची बाजू मांडू न शकणाऱ्यांसाठी निधी व निवासव्यवस्था मागताना त्यांच्या गरजेला नाव असावे, हे म्हणणे अधिक पटणारे आहे.

भारतात हाच प्रश्न टक्क्यांच्या रूपाने येतो. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने विकसित केलेल्या ‘इसा’ या भारतीय मापनश्रेणीत ४० बाबींना प्रत्येकी १ ते ५ गुण देतात आणि ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम व त्यापुढे तीव्र अशी विभागणी होते. या गुणांचे टक्क्यांत रूपांतर होऊन प्रमाणपत्र मिळते, आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार आरक्षणासारख्या लाभांसाठी किमान ४० टक्क्यांची अट आहे. शासनाला कोठेतरी रेषा आखावीच लागते, हे मान्य केले तरी ‘६० टक्के स्वमग्न’ या शब्दांवरून शिक्षिकेला वर्गात काय बदल करावा, हे अजिबात कळत नाही. त्याच कायद्याच्या ३८व्या कलमात ‘अधिक आधाराची गरज’ असलेल्या व्यक्तीला स्वतंत्र मूल्यमापन मागण्याचा हक्क दिलेला आहे, आणि टक्क्यांच्या पलीकडे जाऊन गरजेकडे पाहणारी ही तरतूद पालक संघटनांनी लावून धरावी, इतकी महत्त्वाची आहे.

म्हणून निदानाचा अहवाल हाती घेताना पालकांनी पातळीच्या आकड्यावर थांबू नये, तर दोन्ही क्षेत्रांची पातळी वेगळी लिहिली आहे का, भाषा व बौद्धिक क्षमतेची नोंद आहे का, कोणत्या कामात, कोणत्या जागी आणि किती आधार लागेल हे स्पष्ट केले आहे का, आणि पुनर्मूल्यांकन कधी करायचे हे ठरले आहे का, असे चार प्रश्न तज्ज्ञांना निःसंकोच विचारावेत. शाळांनीही प्रवेशाच्या वेळी ‘लेव्हल किती’ असे विचारण्याऐवजी ‘या मुलाला काय लागते’ असे विचारावे, कारण शाळेने करावयाची तयारी त्या उत्तरावरच ठरते.