कागदाची होडी आणि आमचे अण्णा

पावसाळा संपला, छत्र्या माळ्यावर गेल्या. आता फराळाच्या ताटाशी बसून पावसाच्या गोष्टी सांगायला हरकत नाही. भर पावसात त्या सांगू नयेत. ऐकणाऱ्याचे सारे लक्ष दोरीवरच्या न वाळलेल्या कपड्यांकडे असते!

आमच्या घरात पिढीजात म्हणावे असे फारसे काही नाही. जमीनजुमला नाही, दागदागिने नाहीत. आहे ती एक कागदाची होडी. आजीने ती अण्णांना शिकवली आणि अण्णांनी मला.

पुण्याच्या शनिवार पेठेत, नदीपासून हाकेच्या अंतरावर आमचे बिऱ्हाड होते. पाऊस जोराचा लागला की वाड्याच्या चौकातले पाणी दिंडीदरवाजाकडे धावू लागे. अण्णा कचेरीतून येत, ओले धोतर बदलीत आणि हाक मारीत, "आणा रे कागद!" कागदाची पारख ही पहिली विद्या. वर्तमानपत्राचा कागद पाणी पितो आणि होडी चार हातांवर मान टाकते. जमाखर्चाच्या वहीचा गुळगुळीत कागद चांगला टिकतो. त्याच्या बुडाला मेणबत्ती घासली, तर मग विचारूच नका!

एकदा मी गणिताचा पेपर मुद्दाम होडीसाठी पुढे केला. पुरावा परस्पर वाहून जाईल, हा हिशेब. अण्णांनी अर्धी घडी घातली, कोपरे दुमडले, खालच्या पट्ट्या वर वळवल्या आणि रिवाजाप्रमाणे तयार झालेली टोपी माझ्या डोक्यावर ठेवली. मग म्हणाले, "दहापैकी तीन! लेका, हे जहाज बंदरातच बुडणार." तरीही टोपी उघडून, पुन्हा दुमडून, दोन्ही कान ओढून त्यांनी होडी केलीच. शिडाची होडी आणि राजाराणीची होडी या पुढच्या इयत्ता. त्या गणित सुधारल्यावर मिळाल्या.

नियम एकच होता. सोडलेल्या होडीमागे धावायचे नाही. "गेली ती गेली. दुसरी करू," अण्णा म्हणत.

12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले. त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फुटले आणि मुठेचे पाणी पेठांत शिरले. आई, मी आणि धाकटी बहीण वरच्या पेठेत मामांकडे पळालो. अण्णा कचेरीतून रात्री तिथे पोचले, तेव्हा आईने त्यांच्याकडे पाहिले आणि ती मटकन खालीच बसली. पाणी ओसरल्यावर पाहिले, तर वाड्याच्या मातीच्या भिंती बसल्या होत्या. आमचा संसार चिखलात होता.

पुढे आम्ही निसेन हटमध्ये राहिलो. अर्धगोल पत्र्याची ती घरे पूरग्रस्तांसाठी बांधली होती. 1962 चा पावसाळा आला आणि पत्र्यावर पहिली सर कोसळली, तेव्हा मी आठ-नऊ वर्षांचा घोडा आईच्या पदरात तोंड खुपसून रडू लागलो. मला वाटले, पुन्हा पाणी आले.

वर्षभरात अण्णांनी होडी केली नव्हती. कुणी काढलाही नव्हता तो विषय. त्या दिवशी ते उठले, ट्रंकेतून नुकसानीच्या अर्जाची एक जादा प्रत काढली आणि तिची घडी घालू लागले. भांडीकुंडी, गाद्या, शिवणयंत्र अशी त्यावरची यादी एकेका घडीत नाहीशी होत गेली. टोपी झाली, ती माझ्या डोक्यावर बसली. मग होडी झाली.

"चल," अण्णा म्हणाले.

"मला भीती वाटते."

"मलाही वाटते रे. म्हणून तर दोघांनी जायचं."

हटच्या कडेने एक चिमुकला ओहोळ वाहत होता. अण्णांचा हात घट्ट धरून मी होडी सोडली. ती गिरकी घेऊन सरळ झाली आणि निघाली. अण्णा मात्र नियम विसरून तिच्यामागे चार पावले धावले. त्यांचे डोळे पावसाने ओले झाले होते की कशाने, ते मी विचारले नाही.

आज अण्णा नाहीत. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे आणि अंगणाच्या जागी मोटारी उभ्या असतात. पण मोटारी चढवायच्या उतारावरून पावसाचे पाणी झकास धावते! यंदाच्या जुलैत नातीला घेऊन तिथे गेलो. तिने मोबाइलवर पाहून कागदाचे बगळे, बेडूक सारे केले होते. टोपी मात्र डोक्यावर घालून पाहायची असते, हे तिला कुणी सांगितले नव्हते.

होडी सुटली आणि गटाराच्या जाळीकडे निघाली. मी गंभीरपणे म्हणालो, "मागे धावायचं नाही हं."

"आजोबा, जाळी तुंबेल ना!" असे म्हणत ती धावलीच. भिजून लगदा झालेली होडी तिने हातात आणून दिली आणि म्हणाली, "दुसरी करू या?"

मी खिसे चाचपू लागलो. विजेच्या बिलाचा कागद बरा गुळगुळीत असतो. भरले होते की नाही, ते मात्र घरी गेल्यावर हिच्याकडूनच कळले!