क्रूझवरचा पगार : हमीचा किती, टिपेचा किती?

यवतमाळ : येथून समुद्र सुमारे सातशे किलोमीटर दूर आहे. तरीही ‘क्रूझवर नोकरी, महिना लाख रुपये, राहणे-खाणे मोफत’ अशा आशयाच्या जाहिराती आता पुसद, वणी, दारव्ह्याच्या मोबाइलवरही येऊन पोहोचतात. हॉटेल व्यवस्थापनाची पदविका घेऊन नागपूर-पुण्यात दहा-पंधरा हजारांवर राबणाऱ्या मुलाला हा आकडा भुरळ घालतो आणि कपाशी-सोयाबीनच्या भावाने पिचलेल्या घरालाही तो मोठा आधार वाटतो. मग दलालाला देण्यासाठी पैसे उभे करण्याची धावपळ सुरू होते. जाहिरातीतला आकडा नेमका कशाचा, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही.

तो आकडा बहुधा पगाराचा नसतो. करारात लिहिलेले मूळ वेतन आणि प्रवाशांकडून मिळू शकणारी बक्षिसी यांची ती बेरीज असते. पहिला भाग हमीचा असतो. दुसरा जहाज किती भरले, प्रवासी कोणत्या देशाचे, हंगाम कोणता आणि कंपनीचे वाटपाचे नियम काय, यांवर ठरतो. केबिन साफ करणारा स्ट्युअर्ड आणि जेवण वाढणारा वेटर यांच्या बाबतीत हा दुसरा भाग अनेकदा पहिल्यापेक्षा मोठा असतो. नेमकी इथेच गल्लत होते.

पाकिटातून बिलात

पूर्वी सफरीच्या शेवटच्या रात्री प्रवासी आपल्या वेटरला आणि स्ट्युअर्डला पाकिटात घालून पैसे देत. गेल्या दोन-अडीच दशकांत बड्या अमेरिकी कंपन्यांनी ही पद्धत बदलली आणि टिप प्रवाशाच्या खात्यावर रोजच्या रोज आपोआप चढू लागली. साध्या केबिनसाठी माणशी दररोज ‘कार्निव्हल’ने २०२३ मध्ये १६ डॉलर, ‘नॉर्वेजियन’ने त्याच वर्षी २० डॉलर आणि ‘रॉयल कॅरिबियन’ने २०२४ च्या अखेरीस साडेअठरा डॉलर असा दर ठेवला. मद्य व इतर पेयांच्या बिलावर १८ ते २० टक्के आकार पुन्हा वेगळा. चार जणांच्या कुटुंबाने १६ डॉलरच्या दराने सात दिवसांची सफर केली, तर नुसत्या टिपेपोटी ४४८ डॉलर होतात. डॉलर ९० रुपयांचा धरला, तर ही रक्कम चाळीस हजारांवर जाते.

तीन हजार प्रवाशांच्या जहाजावर याच दराने आठवड्याला ३ लाख ३६ हजार डॉलर गोळा होतात. ऐकायला ही रक्कम प्रचंड वाटते. पण ती फक्त खोली झाडणाऱ्या आणि ताट वाढणाऱ्या हातांत पडत नाही. स्वयंपाकघर, भांडी घासणारे, धुलाईघर, इतर हॉटेल विभाग अशा पडद्यामागच्या लोकांतही ती वाटली जाते. हे न्याय्यच म्हणावे लागेल, कारण भांडी घासणाऱ्याला प्रवासी कधी पाहतही नाही. मात्र कोणत्या पदाला किती वाटा, हे प्रवाशाला कळत नाही आणि नोकरीवर निघालेल्या मुलालाही आधी क्वचितच कळते. शिवाय अनेक कंपन्यांत प्रवाशाला सफर संपण्यापूर्वी मदत कक्षात जाऊन ही टिप कमी करता येते, काढूनही टाकता येते. काही प्रवासी तसे करतातही.

येथे एका शब्दाबाबत सावध राहिले पाहिजे. क्रूझच्या कागदपत्रांत टिपेला ‘ग्रॅच्युइटी’ म्हणतात. आपल्याकडे शिक्षकाच्या, जिल्हा परिषदेच्या किंवा एसटीच्या कर्मचाऱ्याच्या घरात हा शब्द निवृत्तीच्या वेळी मिळणाऱ्या रकमेसाठी वापरला जातो. करारपत्रात ‘ग्रॅच्युइटी’ वाचून मुलाच्या म्हातारपणाची सोय झाली, असे वडिलांना वाटणे स्वाभाविक आहे. ती सोय नव्हे. ती प्रवाशाने दिलेली बक्षिसी आहे.

भारतातील ग्राहकाला हा वाद अनोळखी नाही. उपाहारगृहांनी बिलात सेवाशुल्क आपोआप लावू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये बजावले होते आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. यवतमाळच्या हॉटेलात वेटरला दहा-वीस रुपये देणे न देणे गिऱ्हाइकाच्या मर्जीवर असते. मालकाने पगार द्यायचा तो द्यायचाच. क्रूझवर मात्र मालकाच्या खर्चाचा मोठा हिस्सा प्रवाशाच्या बिलावर सरकवलेला असतो. तिकीट स्वस्त दिसते त्यामागे हेही एक कारण आहे.

झेंडा एका देशाचा, मालक दुसऱ्या

हे चालते कसे, याचे उत्तर जहाजाच्या मागच्या टोकाला फडकणाऱ्या झेंड्यात आहे. मायामीतून सुटणारी आणि अमेरिकी प्रवाशांनी भरलेली बहुतेक मोठी जहाजे बहामा, पनामा, बर्म्युडा, माल्टा अशा देशांत नोंदलेली असतात. जहाजावर प्रामुख्याने झेंड्याच्या देशाचा कायदा लागू होतो. त्यामुळे अमेरिकेतील किंवा ब्रिटनमधील किमान वेतनाचा कायदा तेथील वेटरच्या कामी येत नाही.

मग निदान आंतरराष्ट्रीय नियम तरी आहेत का? आहेत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २००६ चा सागरी श्रम करार २०१३ पासून अमलात आहे आणि भारताने तो ऑक्टोबर २०१५ मध्ये मान्य केला. या कराराच्या दृष्टीने जहाजावरचा स्वयंपाकी, वेटर, स्ट्युअर्ड हेही खलाशीच आहेत. कामाच्या तासांची मर्यादा २४ तासांत १४ आणि आठवड्यात ७२ अशी ठेवता येते. किंवा दिवसाला किमान १० आणि आठवड्याला किमान ७७ तास विश्रांती द्यावी लागते. दुसऱ्या पर्यायाचा हिशेब मांडला, तर आठवड्याला ९१ तासांपर्यंत काम कायदेशीर ठरते. आठवड्याची पूर्ण सुट्टी ही कल्पना जहाजावर जवळपास नाहीच.

किमान वेतनाचा एक आंतरराष्ट्रीय आकडाही आहे. कुशल खलाशासाठी जानेवारी २०२५ पासून तो महिना ६७३ डॉलर करण्यात आला. त्यात जादा कामाचा मोबदला धरलेला नाही. पण हा आकडा शिफारशीच्या स्वरूपाचा असून डेकवरच्या खलाशाला समोर ठेवून ठरवला जातो. वेटर आणि स्ट्युअर्ड यांचे वेतन कंपनी आणि कामगार संघटना यांच्या करारावर, किंवा संघटना नसेल तर कंपनीच्या मर्जीवर अवलंबून राहते.

‘आर्केडिया’वरील दीडशे जण

या व्यवस्थेचा फटका थेट महाराष्ट्रातून गेलेल्या माणसांना बसल्याचे उदाहरण आहे. ‘पी अँड ओ क्रूझेस’ या ब्रिटिश कंपनीच्या काही कर्मचाऱ्यांचे मूळ वेतन महिना अवघे २५० पौंड, म्हणजे तासाला सुमारे ७५ पेन्स असल्याचे वृत्त २०१२ मध्ये ‘द गार्डियन’ या दैनिकाने दिले. त्या वेळच्या दराने ही रक्कम एकवीस हजार रुपयांच्या आसपास होते. तासांचा हिशेब उलटा मांडला, तर महिन्याला सव्वातीनशेहून अधिक तास निघतात. एकही सुट्टी न धरता रोज अकरा तास. प्रवाशांनी हातात द्यायच्या टिपेऐवजी आपोआप आकारणी सुरू झाली होती आणि ती रक्कम कर्मचाऱ्यांना किती मिळणार, हे प्रवाशांनी दिलेल्या गुणांशी जोडण्यात आले होते. म्हणजे प्रवासी पैसे देऊन मोकळा झाला, तरी ते वेटरपर्यंत पोहोचतीलच याची खात्री नव्हती.

त्याच कंपनीच्या ‘आर्केडिया’ जहाजावरील सुमारे दीडशे भारतीय कर्मचाऱ्यांनी वेतनाच्या प्रश्नावर अमेरिकेतील सिएटल बंदरात दीडेक तास शांततेने निदर्शने केली होती. त्यांना पुन्हा कामावर घेण्यात आले नाही, हेही त्याच सुमारास उघड झाले. हे कर्मचारी मुंबईतून भरती झालेले होते. येथे ‘बडतर्फी’ हा शब्द वापरायचा की नाही, यावर वाद घालता येईल. कारण क्रूझवरची नोकरी मुळात कायम नसतेच. प्रत्येक करार सहा ते नऊ महिन्यांचा. तो संपला की घरी यायचे आणि पुढच्या बोलावण्याची वाट पाहायची. ते बोलावणे आले नाही, तर दाद मागायला फारशी जागा उरत नाही. तक्रार करण्यापूर्वी माणूस दहा वेळा विचार करतो तो यामुळेच.

पुढे २०१९ मध्ये याच कंपनीने रोजची वेगळी टिप आकारणे बंद केले. इतरही काही कंपन्या टिप तिकिटातच धरतात. प्रवाशाच्या दृष्टीने हे सुटसुटीत आहे. कर्मचाऱ्याचा फायदा मात्र ती रक्कम त्याच्या मूळ वेतनात आली असेल तरच.

टिप थांबते तेव्हा

टिपेवर उभ्या असलेल्या पगाराची खरी कसोटी २०२० मध्ये लागली. फेब्रुवारीत जपानच्या योकोहामा बंदरात अडकलेल्या ‘डायमंड प्रिन्सेस’वर १३२ भारतीय कर्मचारी होते, प्रवासी केबिनमध्ये बंद असताना त्यांच्या दारापर्यंत जेवण पोहोचवण्याचे काम कर्मचारीच करत होते. मार्चमध्ये जगभरातील क्रूझ थांबल्या. ‘मरेला डिस्कव्हरी’वरील सुमारे दीडशे भारतीय कर्मचारी मुंबईच्या किनाऱ्याजवळ येऊनही टाळेबंदीमुळे उतरू शकत नव्हते, २३ एप्रिलला त्यांना मुंबईत उतरू देण्यात आले. जहाजे रिकामी झाली त्या दिवशीच टिपाही थांबल्या. उरले ते करारातले मूळ वेतन, तेही करार असेपर्यंत.

गोव्यात या नोकरीला पिढ्यांची परंपरा आहे. बोटीवर जाणाऱ्याला तेथे ‘तारवटी’ म्हणतात आणि एका घरात आजोबा, वडील, मुलगा असे तिघेही तारवटी सापडतात. तेथे निवृत्त तारवटींच्या संघटना आहेत, त्यांचे राजकीय वजन आहे आणि २०२१ मध्ये राज्य सरकारने त्यांच्यासाठी कल्याण-निवृत्तिवेतन योजनाही आणली. विदर्भातून जाणाऱ्या मुलाच्या गावात करार वाचून दाखवणारा शेजारी नसतो. दलालाचे फावते ते इथे.

घरचा हिशेब

उदाहरणादाखल एक हिशेब मांडता येईल. समजा, जाहिरातीत १,२०० डॉलर म्हटले आहेत आणि त्यांपैकी करारातील हमी ५०० डॉलरची आहे. करार आठ महिन्यांचा, नंतर चार महिने बिनपगारी घरी. सगळे सुरळीत गेले, तर वर्षाची कमाई ९,६०० डॉलर, म्हणजे बाराही महिन्यांत वाटली तर महिना ८०० डॉलर. टिप मुळीच मिळाली नाही, तर वर्षाला ४,००० आणि महिन्याला ३३३ डॉलर; रुपयांत सुमारे तीस हजार. कर्जाचा हप्ता बसवायचा तो या खालच्या आकड्यावर. राहण्या-जेवणाचा खर्च नसतो हे खरे आणि ती मोठी बचत आहे.

आजारपणाचे गणितही हमीच्या आकड्यावर चालते. जहाजावर दुखापत झाली किंवा आजार जडला, तर उपचाराचा आणि घरी पाठवण्याचा खर्च मालकाने करायचा असतो. घरी परतल्यावरही आजारी कर्मचाऱ्याचे वेतन मालकावर राहते. देशाच्या कायद्याने त्याला मर्यादा घालता येते, पण ती १६ आठवड्यांहून कमी असू शकत नाही. मात्र टिपेची रक्कम करारात हमीची म्हणून लिहिलेली नसेल, तर अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ती कोण देणार?

प्राप्तिकराचे आणखी एक वळण आहे. आर्थिक वर्षात १८२ दिवस किंवा अधिक काळ भारतात राहिल्यास माणूस निवासी ठरतो आणि परदेशातील कमाईवरही कर लागू शकतो. जहाजावर चढल्या-उतरल्याच्या तारखा सीडीसी या खलाशाच्या पुस्तिकेवरून मोजल्या जातात. जानेवारीत नऊ महिन्यांच्या करारावर गेलेला मुलगा त्या मार्चअखेरच्या वर्षात निवासीच राहतो, कारण आधीचे नऊ महिने तो घरी होता. त्या तीन महिन्यांची कमाई कराच्या हिशेबात धरावी लागते.

आता दलालाविषयी. सागरी श्रम करारानुसार नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून शुल्क घेण्यास मनाई आहे. पासपोर्ट, सीडीसी आणि वैद्यकीय प्रमाणपत्र यांचा खर्च उमेदवारावर येऊ शकतो. व्हिसाचा खर्च मालकाचा. अग्निशमन, प्रथमोपचार, पाण्यात जीव वाचवणे आदी अनिवार्य सुरक्षा प्रशिक्षणाचे शुल्क प्रत्यक्षात उमेदवारच भरतो, पण ते प्रशिक्षण संस्थेला, पावती घेऊन. भारतातून खलाशी भरती करणाऱ्या संस्थेकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो. आरपीएसएल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या परवान्याचा क्रमांक मुंबईतील महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. शेत गहाण टाकून किंवा सावकाराकडून उचलून दोन-तीन लाख रुपये ‘जागेसाठी’ मागणाऱ्याला हा क्रमांक विचारला की बरेचसे कळून येते.

करारपत्राची प्रत जहाजावर चढण्यापूर्वी हाती मिळणे हा कर्मचाऱ्याचा हक्क आहे. तीत मूळ वेतन, जादा तासांचा दर, टिपेतील किमान हमी असल्यास तिची रक्कम, कराराचा कालावधी आणि परतीच्या प्रवासाचा खर्च कोणाचा, हे वेगवेगळे लिहिलेले आहे का, ते पाहावे. वेतनाचा काही भाग दरमहा थेट घरच्या खात्यात पाठवण्याची सोयही या कराराने दिलेली आहे. त्यासाठी लागणारा खातेक्रमांक सही करतानाच नोंदवून ठेवला, तर पहिला हप्ता जहाज कोणत्याही समुद्रात असले तरी यवतमाळच्या बँकेत जमा होतो.