काढलेली प्लीहा कोणाची?

नववीच्या वर्गात पेशी शिकवत होतो. एका मुलीने विचारलं, "सर, ऑपरेशन करून काढलेला भाग मग कोणाचा असतो?" खरं सांगतो, मला पटकन उत्तर देता आलं नाही. घरी येऊन वाचलं, ते तुम्हालाही सांगतो.

जॉन मूर हा अमेरिकेतला रुग्ण. त्याला रक्ताचा दुर्मिळ कर्करोग होता. १९७६ साली लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाच्या रुग्णालयात त्याची प्लीहा, म्हणजे आपली पाणथरी, काढली. ऑपरेशन गरजेचंच होतं. पण त्यानंतर १९८३ पर्यंत तो सिॲटलहून तपासणीसाठी येत राहिला आणि रक्त, अस्थिमज्जा देत राहिला. हे सगळं उपचारासाठीच चाललंय, असं त्याला वाटे. इकडे डॉक्टरांनी त्याच्या पेशी प्रयोगशाळेत सतत वाढत राहतील अशा तयार केल्या होत्या. १९८४ मध्ये विद्यापीठाला त्यांचं पेटंट मिळालं. कंपन्यांशी करारही झाले होते!

मूर कोर्टात गेला. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली निकाल दिला तो असा: काढून घेतलेल्या पेशींवर मूरला मालकी सांगता येणार नाही, कारण मग संशोधकांना प्रत्येक नमुन्यामागे दाव्याची भीती राहील. मात्र डॉक्टरांनी आपला संशोधनातला आणि पैशातला रस रुग्णाला आधी सांगायलाच हवा होता. त्याबद्दल तो दावा लावू शकतो.

पहिला भाग मला अजून पचलेला नाही. पेशी ज्याच्या त्याला हक्क नाही, पण पेटंट घेणाऱ्याला आहे? पण दुसरी बाजूही बघा. शरीराचे भाग विकायला मोकळीक दिली, तर विकणार कोण? ज्याच्या घरात अडचण आहे तोच. आपल्याकडे किडनीच्या धंद्यामुळेच १९९४ चा कायदा करावा लागला. तो प्रत्यारोपणासाठी आहे, संशोधनासाठी साठवलेल्या नमुन्यांसाठी नाही. त्यांच्यासाठी आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. तिथे मूरच्या निकालाच्या उलट, नमुना देणाऱ्याचाच मानला आहे. तो संमती मागेही घेऊ शकतो.

दवाखान्यात सही करायला फॉर्म देतात, त्यात 'उरलेला नमुना संशोधनासाठी वापरण्यास हरकत नाही' अशी ओळ असू शकते. नमुना कुठे ठेवणार, कंपनीला देणार का, हे सहीआधी विचारा. नको असेल तर त्या ओळीपुरतं नाही म्हणा.