सांधेरोपणानंतरची कळ आणि भांगेचं तेल

गुडघेरोपणानंतरचे पहिले काही दिवस पेशंटला नकोसे होतात. गुडघा सुजलेला, टाके ताजे, आणि फिजिओथेरपिस्ट उभं राहा म्हणून मागे लागलेले. मॉर्फिनच्या जातीची औषधं कळ थांबवतात. पण मळमळ, बद्धकोष्ठता आणि व्यसनाची भीती सोबत येते. म्हणूनच संशोधक भांगेच्या झाडाकडे वळले.

त्यामागचं विज्ञान पोकळ नाही. 1964 साली इस्रायलमध्ये राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी या झाडातलं नशा आणणारं टीएचसी वेगळं केलं. 1988 साली त्याला पकडणारे ग्राहक मेंदूत सापडले, तर 1992 साली शरीर स्वतःच बनवत असलेला तसा रेणू, आनंदमाइड, हाती लागला. वेदनेचे संदेश मंदावणारी ही यंत्रणा आपल्यात असतेच. मग तिला बाहेरून जोर दिला तर?

दिला, आणि घोडं तिथेच अडलं. कॅनडात मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्या 41 जणांवरचा प्रयोग 2006 साली प्रसिद्ध झाला. त्यात अस्थिशस्त्रक्रियेचे पेशंटही होते. टीएचसीसारखं कृत्रिम औषध, नॅबिलोन, ज्यांना जास्त मात्रेत दिलं, त्यांनाच जास्त दुखलं! याच झाडातल्या, पण नशा न आणणाऱ्या सीबीडीची गोष्ट थोडी बरी. दुर्बिणीतून केलेल्या खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर तोंडात विरघळणारी सीबीडीची गोळी दिली, तेव्हा पहिल्या दिवशी दुखणं जरा कमी झालं. दुसऱ्या दिवशी फरक उरला नाही. गुडघेरोपणानंतर सीबीडीचं मलम चोळूनही काही साधलं नाही. एवढ्या भांडवलावर कोणी ‘नैसर्गिक पेनकिलर’ म्हणत असेल, तर ती जाहिरात समजावी.

आपल्याकडे 1985च्या कायद्याने गांजा आणि चरस बंद आहेत. भांगेची पानं मात्र त्या कायद्याच्या व्याख्येबाहेर राहिली. म्हणून ‘विजया’ या भांगेच्या आयुर्वेदिक नावाने तेलं विकली जातात. घरचं कोणीतरी प्रेमाने बाटली आणतं, डॉक्टरांना पत्ता नसतो. अशा तेलात सीबीडी असेल, तर ते यकृतातल्या विकरांचं काम मंदावतं. त्यामुळे रक्त पातळ ठेवणारं वॉर्फरिन अंगात साचू शकतं, आणि ताज्या जखमेत रक्तस्राव म्हणजे संकटच.

नियमित गांजा ओढणाऱ्यांना भुलीचं औषध अनेकदा जास्त लागतं. म्हणून शस्त्रक्रियेआधी प्रत्येक पेशंटला याबद्दल विचारावं, अशी शिफारस अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने 2023 साली केली. आपल्याकडे हा प्रश्न सासऱ्यांसमोर विचारला, तर उत्तर ‘नाही’च येणार. पण भूलतज्ज्ञ ते मात्रा ठरवण्यासाठी विचारतात, चारित्र्याच्या दाखल्यासाठी नव्हे. तेव्हा भांग, गांजा, तेल, जे काही घेत असाल ते, हवं तर नातेवाइकांना खोलीबाहेर पाठवून, भूलतज्ज्ञांना सांगा.