उपासाचं ताट आणि पाण्याची किमया

एकादशीचं ताट डोळ्यांसमोर आणा. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचे वेफर्स, रताळं, केळं, सोबत शहाळं. किडनीचा जुना आजार असलेल्या माणसाला घरचे प्रेमानं सांगतात, 'खिचडी जड पडेल, त्यापेक्षा केळं खा, शहाळं पी.' पोटॅशियमचा हिशेब मात्र नेमका उलटा निघतो.

आपल्या शरीरातलं जवळपास 98 टक्के पोटॅशियम पेशींच्या आत कोंडलेलं असतं. रक्तात ते लिटरमागे साधारण 3.5 ते 5 मिलीमोल, बस्स! आत-बाहेरच्या या तफावतीवर हृदयाचा ठोका सांभाळला जातो. जास्तीचं पोटॅशियम बाहेर टाकण्याचं काम मुख्यतः किडनीचं. ती थकली की रक्तातली पातळी चढते, हृदयाची लय बिघडू शकते, आणि पुष्कळदा तोवर काहीच जाणवत नाही.

मध्यम केळ्यात सुमारे 400 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, मोठा पेलाभर शहाळ्याच्या पाण्यात त्याहूनही जास्त. आणि 100 ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात? अवघं 10-12 मिलिग्रॅम! साबुदाणा ज्या कंदापासून होतो त्यात 100 ग्रॅमला अडीचशेच्या वर असतं. मग ते गेलं कुठे? तमिळनाडूत सेलमच्या भागात हा कंद किसून धुतात, दुधाळ पाण्यातलं पीठ तळाशी बसू देतात आणि वरचं पाणी सोडून देतात. पोटॅशियम पाण्यात सहज विरघळतं, म्हणून ते त्या पाण्याबरोबर निघून जातं. मला तर हे वाचून थक्क व्हायला झालं.

हीच किमया आपल्या गॅसवरही होते. बटाटा सालीसकट अख्खा उकडला तर पोटॅशियम बहुतेक आतच राहतं. सोलून, बारीक फोडी करून भरपूर पाण्यात उकळला आणि ते पाणी फेकलं, तर निम्म्याच्या आसपास कमी होतं. नुसत्या भिजवण्यानं फारसं साधत नाही. वेफर्समध्ये उलट घडतं: पाणी उडतं, पोटॅशियम मागेच राहतं. म्हणून 100 ग्रॅम वेफर्समध्ये ते कच्च्या बटाट्याच्या दुपटीहून जास्त भरतं, वर मीठ वेगळंच.

म्हणून खिचडी मनसोक्त खावी असं नाही. शेंगदाण्याच्या कुटात पोटॅशियम आणि फॉस्फरस दोन्ही असतात, तेव्हा कूट बेताचं हवं. मधुमेह असेल तर साबुदाण्यानं साखर झपाट्यानं वाढते. सैंधव हेही शेवटी मीठच. सगळ्यात सांभाळायचं ते 'लो सोडियम' मिठापासून. त्यात सोडियमच्या जागी बहुधा पोटॅशियमच घातलेलं असतं.

प्रत्येक रुग्णाला पोटॅशियमचं पथ्य लागतंच असंही नाही, ते रक्ताच्या अहवालावर ठरतं. तेव्हा पुढच्या तपासणीला अहवालासोबत आपल्या खाण्याची यादीही न्या, मधल्या वेळच्या चिवड्यापासून उपासाच्या फराळापर्यंत, आणि काय ठेवायचं, काय सोडायचं ते डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना विचारूनच ठरवा.